आठ ते अकरा

तक्रारीच्या छापील अर्जात सातवा रकाना होता, ‘अर्जदार बंदराचा वापर करतो काय?’ ताईनं लिहिलं, ‘नाही.’ आठवा होता, ‘नसल्यास कारण.’ तिनं लिहिलं, ‘होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं.’ नवव्या रकान्यात तक्रारीसाठी बोटभर जागा सोडली होती. तेवढ्यात तिनं मुंगीच्या अक्षरात बसवलं, ‘धक्क्याच्या उतारावर आपण लावलेलं फाटक सकाळी आठ ते अकरा उघडं असतं. आठ ते अकराच का, हे कळावं.’

खिडकीपलीकडच्या कारकुनांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बाई, ही तक्रार नाही. हा प्रश्न आहे.”

“मग प्रश्नाचा अर्ज द्या.”

“तसा अर्ज नसतो.”

“का नसतो?”

कारकुनांनी अर्जावर शिक्का मारला. बंदर आणि बगीचे ही दोन्ही खाती त्यांच्या एकट्याच्या टेबलावर होती. असं का, तेही ताईनं जाता जाता विचारून घेतलं. बगीच्याचे कारकून निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, एवढंच.

ताई म्हणजे सगळ्या धक्क्याची ताई. वय एकसष्ट. माघारी तिला चौकशीताई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. वीजवाला तारा बदलायला आला, तर हिला तिसरी तार कशाला ते हवं. दातांच्या डॉक्टरनं तोंडात आरसा घातला, तरी त्या आरशाला वाफ का धरत नाही हे हिनं ‘आ’ करूनच विचारलं होतं. तिचं लग्न एकदा ठरत आलं होतं, पण मुलगा पहिल्याच भेटीत म्हणे घामाघूम होऊन उठला. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, असं त्यानं निरोपात कळवलं. ताईला वाईट वाटलं. तरी निरोप आणणाऱ्यालाच तिनं विचारलं, की कोणत्या प्रश्नाला अडला?

पोटापाण्यासाठी ती ताडपत्र्या शिवे. होड्यांवर टाकायची आच्छादनं, गाड्यांवरचे पडदे, दुकानांपुढची छपरं. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, तिच्या मधोमध पायानं चालवायचं जाड कापडाचं मशीन, भिंतीला लावलेल्या दाभणांच्या रांगा, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. जिथं मशीनची सुई हात टेकी तिथं ताई तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून दाभण रेटी. मशीन खिडकीला लागून होतं आणि खिडकीखाली धक्का, धक्क्याचा उतार आणि पाणी. उताराचा तळ पाण्यात असला तरच होडी आतबाहेर करता येई. पाणी उतरलं की तिथं गुडघाभर चिखल. उताराच्या वर, कोरड्यावर, अकरा होड्यांच्या अकरा जागा होत्या.

ताईच्या खिडकीतून जेवढं पाणी दिसे तेवढं कुठूनच दिसत नसे. म्हणून येताजाता कोणीही खालून मान वर करून विचारी, “ताई, पाणी कधी?” ताईचा पाय मशीनवरून हलत नसे. “साडेचार ते सात!” ती ओरडे, की माणूस चालू लागे. दिवसातून दहा-बारा वेळा, वर्षानुवर्षं. कोणी विचारलं हेही ती बघत नसे.

अकरापैकी एक जागा तिच्या धाकट्या भावाची. तो त्रेपन्न वर्षांचा झाला तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. भावंडांना मिळून बोलण्याचा जो काही साठा मिळाला होता, तो थोरलीनं आधीच उचलला असावा, कारण धाकट्याच्या वाट्याला हो, नाही आणि बघू एवढंच आलं होतं. तो जाळं टाकी, त्याची बायको मासळी विके, आणि ताई मागच्या खोलीत त्यांच्याबरोबर राही. तिघांचं बरं चाललं होतं.

मग नगरपालिकेनं उताराला फाटक बसवलं. त्यामागचं कारण तसं रास्त होतं. रात्रीअपरात्री कोणीतरी येऊन उतारावर राडारोडा ओतून जाई, आणि एकदा तर दोन पोरं स्कूटरसकट पाण्यात गेली होती. शिस्त लागावी म्हणून लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, कुलपाशेजारी पाटी आणि पाटीखाली सुतळीनं बांधलेली वही. होडी आतबाहेर नेणाऱ्यानं वहीत सही करायची. महिन्यात ज्याच्या पंधरा सह्या भरणार नाहीत त्याला जागेची गरज नाही असं समजून जागा काढून घेण्यात येईल. पाटीवर हे सगळं निळ्या रंगात सुबक लिहिलं होतं, आणि वर मोठ्या अक्षरात, ‘वेळ सकाळी ८ ते ११’.

चावी बागेच्या माळ्याकडे दिली होती. माळी बिचारा ठोक आठाला येई, कुलूप काढी, खुर्ची मांडून बसे आणि अकराला कुलूप लावून झाडांना पाणी घालायला पळे. काही दिवस पाणी आणि माळी एकाच वेळी येत, तेव्हा सगळं सुरळीत असे. पण पाणी रोज पाऊण-एक तास पुढं सरकतं, आणि माळी काही सरकत नाही. मग दहा-दहा दिवस असं चाले, की फाटक सताड उघडं, माळी खुर्चीत, आणि समोर चिखल. पाणी भरून यायचं तेव्हा फाटकाला कुलूप. होड्या बाहेरच धक्क्याच्या भिंतीला बांधून ठेवाव्या लागत आणि लाटांनी एकमेकींवर आपटत. धाकट्याच्या होडीची एक फळी अशीच फुटली. सह्या तर कोणाच्याच महिन्याला आठ-नऊच्या वर जाईनात. जाणार कशा?

तीन महिन्यांनी अकराही जणांना नोटीस आली. महिनाअखेर जागा रिकामी करावी.

धाकट्यानं नोटीस वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि दोन दिवसांनी बायकोच्या भावाला फोन केला. मेहुण्याचं समुद्रापासून लांब, आत, बर्फाचं कोठार होतं. तिथं हिशेबनीस नको होता, पण पेट्या उचलायला माणूस हवा होता. धाकटा आणि भावजय जातील, ताई इथं एकटी राहील, असं न बोलताच ठरत चाललं होतं. भावजयीनं भांडी दोन ढिगांत वेगळी काढायला घेतली.

दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं. ताई चिडलीही, पण तिच्या चिडीच्या पुढं तिचं कुतूहल धावे. फाटक दहा ते पाच असतं तर तिला कळलं असतं. कचेरीची वेळ तीच, कारकुनाच्या डोक्यात तेवढंच घड्याळ असणार. पण आठ ते अकरा? आठाला कचेरीत झाडूवालासुद्धा येत नाही. आणि अकराला संपणारी कुठली सरकारी गोष्ट आजवर कोणी पाहिली आहे? ही वेळ हवेतून आलेली नाही. कोणीतरी पाणी बघून, किंवा पाण्याबद्दल विचारून ती काढली आहे. इथंच कुठंतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनानं घेतलं.

तिनं आधी माळ्याला गाठलं.

“मला चावी दिली, वेळ सांगितली,” माळी म्हणाला. “चिखल राखायला बसवलंय मला, ताई. झाडं तरी वाढताना दिसतात.”

मग पाटी रंगवणाऱ्याकडे गेली. त्याला कागद आला होता, त्यावर जे होतं ते त्यानं उतरवलं. कागद कोणी दिला? बंदर आणि बगीचे. म्हणून मग अर्ज, सातवा रकाना, नववा रकाना आणि शिक्का.

अर्ज खिडकीवर देण्याआधी तिला त्यावर होडीवाल्यांच्याही सह्या हव्या होत्या. अकरा जणांची जागा जातेय, अकरा सह्या मिळायला अडचण ती कसली? पण जो तो हात झटकू लागला. एकाला पेन सापडेना. दुसरा म्हणाला, चष्मा घरी आहे. होडीवाल्यांत सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते तर अर्ज बघून दोन पावलं मागं सरले.

“आम्ही तोंडी सांगून आलोय दोनदा,” तात्या म्हणाले. “कागद नको.”

“का नको?”

“कागदाला कागद लागतो, ताई. मग फाइल उघडते.”

“अहो, उघडावी म्हणूनच तर करतेय!”

“असू दे. जाईल त्याची जागा जाईल.”

ताईनं त्यांना तिथंच सुनावलं. एवढी वादळं अंगावर घेता आणि साध्या कागदाला भिता, पाठीला कणा आहे की नाही, म्हणाली. तात्यांनी मान खाली घातली. “नाही बाई, नाही,” म्हणाले, आणि होडीचं फाटलेलं आच्छादन शिवायला तिच्या हातात देऊन निघून गेले.

घरी धाकट्याचं तेच.

“सोड ना, ताई.”

“तुझी जागा आहे ती!”

“बघू.”

“बघू काय बघू? महिनाअखेर वीस दिवसांवर आहे. तुला कळावंसं वाटत नाही का, कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“नाही,” धाकटा म्हणाला, आणि एवढ्या जोरात म्हणाला की भावजयीनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. ताईला भावाचा राग आला. नुसता मऊ स्वभाव असता तर ठीक, पण हा मेणाचा निघाला असं तिला वाटलं, आणि तसं ती त्याला म्हणालीसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं.

अर्ज मग एकटीच्या सहीनं गेला. आठवड्यानं कारकुनांचा निरोप आला. सुनावणी गुरुवारी ठेवली आहे, त्याआधी अर्जदाराला फाइल बघण्याचा अधिकार आहे, बघायची असल्यास मंगळवारी यावं.

मंगळवारी ताई गेली तर कारकुनांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. त्यांच्याही डोक्यात आता तो किडा शिरला होता. “खरं सांगू का,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही विचारेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता. आता जेवताना पडतो. आठ ते अकराच का?”

दोघांनी फाइल मध्ये ठेवली आणि शेजारी बसून एकेक पान उलटायला घेतलं. राडारोड्याची तक्रार. स्कूटरचा पंचनामा. फाटकाचं रेखाचित्र, त्यात उतार चुकून उलटा काढलेला. “हा तर समुद्रातून वर येतोय,” ताई म्हणाली, आणि कारकून खुदकन हसले. लोखंडाच्या दराचे कागद त्यांनी भराभर उलटले. मग अभियंत्याच्या पाहणीचं एक पान आलं. हातानं लिहिलेलं, अक्षर सुवाच्य. कारकुनांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘आज रोजी धक्क्याची समक्ष पाहणी केली. होड्यांची ने-आण पाण्यावर अवलंबून असल्याचे समजले. पाण्याच्या वेळेबाबत धक्क्यासमोरील इमारतीत पहिल्या मजल्यावर ताडपत्री शिवणाऱ्या महिलेस...’”

इथं कारकून थांबले. पुढचं ताईनं स्वतःच वाचलं. ‘...महिलेस विचारले असता, पाणी आठ ते अकरा असते असे त्यांनी तात्काळ व ठामपणे सांगितले. सदर महिला जन्मापासून येथेच राहत असल्याचे चौकशीअंती समजले. सबब माहिती विश्वसनीय मानण्यास हरकत नाही.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग तारीख पाहिली. मग मनातल्या मनात बोटं मोजून त्या दिवशीचं पाणी काढलं. आठ ते अकरा. अगदी बरोबर होतं.

अभियंते घालतात तसं पिवळं हेल्मेट घातलेलं कोणी खाली उभं होतं का? तिला आठवेना. त्या दिवशी दहा जणांनी विचारलं असेल, दहा जणांना सांगितलं असेल. तिचे कान तापले. सगळ्या गावभर जे डोकं शोधत ती फिरली होती, ते तिच्याच मानेवर होतं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि तिनं तर दोन्ही हात दाखवले होते, वर शिक्का मारून घेतला होता.

कारकुनांनी अर्ज काढला. ‘अर्जदाराचा व्यवसाय’ या रकान्यात तिच्याच मुंगी-अक्षरात होतं, ‘ताडपत्री शिवणे’. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पुन्हा वेगळे केले.

“बाई,” ते म्हणाले, “अर्ज मागे घेता येतो. कारण लिहावं लागत नाही. सुनावणी झाली नाही तर हे पान कोणी वाचणार नाही. मीही वाचलं नाही असं समजेन.”

“आणि नोटिसा?”

“त्या राहतील.”

“आणि मी अर्ज मागे घेतला नाही तर?”

“साहेब हे पान दाखवतील. म्हणतील, आम्ही मनानं केलं नाही, तिथल्याच जाणत्या बाईंना विचारून केलं. सगळ्यांसमोर म्हणतील.”

ताई उठली. जिन्यावर तिला एक विचार सुचला आणि ती परत वर आली. “त्यांनी दुसऱ्या दिवशी परत विचारलं असेल का कोणाला?”

“फाइलमध्ये नाही.”

“का नसेल विचारलं?”

“ते तुम्ही गुरुवारी विचारा,” कारकून म्हणाले. मग घाईनं, “म्हणजे, गेलात तर.”

बुधवारी ताईनं मशीनवर एकही टाका धड घातला नाही. खालून दोघांनी पाणी विचारलं तेव्हा ती खिडकीपर्यंत जाऊन, माणूस बघून, मग बोलली. धाकट्याला सांगावं असं तिला शंभरदा वाटलं. पण काय सांगणार? तुझ्या होडीची फळी मी फोडली, तुझी भांडी मी दोन ढिगांत लावली? त्याला मेणाचा म्हणणारी तीच, तात्यांना बिनकण्याचे म्हणणारी तीच. आणि आता स्वतःचा कणा दाखवायची वेळ आली होती. रात्री तिनं फक्त एवढंच विचारलं, “उद्या येशील का सुनावणीला?”

“जाऊ नकोस,” धाकटा म्हणाला.

“मी जाणारच. तू येशील का?”

“येईन,” तो म्हणाला.

सुनावणीच्या दालनात लांब टेबल होतं, त्यावर पाण्याचे झाकलेले पेले आणि न चालणारा माईक. मध्ये सभापतीबाई. खोकल्यानं त्या बेजार होत्या आणि मुद्द्याचं बोला असं दर दोन वाक्यांना म्हणत होत्या. डाव्या बाजूला अभियंता, चाळिशीचा, नीटनेटका. त्या दिवशी खाली कोण विचारतंय हे ताईनं बघितलंच नव्हतं, तेव्हा तो ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या बाकांवर अकरा होडीवाले येऊन बसले होते. सही करायला एकालाही पेन सापडलं नव्हतं, आणि आता सगळे हजर, याचं ताईला नवल वाटलं.

अभियंत्यानं फाइल उघडली. कारकून भिंतीकडे बघू लागले.

“बाई,” ताई उठून म्हणाली, “ते पान मीच वाचते. मला पाठ आहे.”

आणि तिनं वाचलं. ताडपत्री शिवणारी महिला, तात्काळ व ठामपणे, जन्मापासून येथेच, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाली, “ती बाई मी.”

सभापतीबाईंचा खोकला थांबला. “म्हणजे चुकीची माहिती तुम्हीच दिलीत, आणि तक्रारही तुम्हीच केलीत?”

“माहिती चुकीची नव्हती. चोख होती. पण ती त्या दिवसाची होती. आमच्याकडे पाणी कधी म्हणून विचारलं तर त्या दिवसाचंच सांगतात. ‘आज’ असं कोणी म्हणत नाही, कारण उद्याचं वेगळं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे खाली उभ्या माणसाला ठाऊक नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी माझी चूक आहे आणि ती मोठी आहे. या अकरा जणांच्या जागा तिच्यापायी जातायत. माझा भाऊ त्यातला एक आहे.” मग ती अभियंत्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरची लाज अजून गेली नव्हती, पण डोळे चमकायला लागले होते. “आता मला एक सांगा साहेब. खरंच विचारतेय, रागानं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत का नाही विचारलंत?”

अभियंत्यानं फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता.

“मी अकरा वर्षं पाणीपुरवठा खात्यात होतो,” तो म्हणाला. “माझं गाव समुद्रापासून लांब आहे. आमच्याकडे नळाला साडेसहा ते आठ पाणी येतं. रोज. तुम्ही म्हणालात आठ ते अकरा. मला वाटलं, बरंच जास्त वेळ येतं की!”

आधी माळी हसला. तो दाराशी उभा होता. मग सभापतीबाईंना हसू आणि खोकला एकदम आला आणि त्यांना पेल्यावरचं झाकण काढावं लागलं. अभियंत्याचे कान लाल झाले, आणि ताईला त्याच्याबद्दल एकाएकी माया वाटली. दोघांनी मिळून केलेला घोटाळा होता. एकानं अर्धं विचारलं, एकीनं अर्धं सांगितलं.

पुढचं झटपट झालं. नोटिसा मागे घ्याव्यात. सह्यांची वही बंद करावी. महिनाभर पाणी रोज मोजून वेळापत्रक करावं, तोवर फाटकाची एक चावी होडीवाल्यांकडे असावी. पाणी मोजायला अभियंत्यानं स्वतः यावं, असं सभापतीबाईंनी मुद्दाम लिहून घ्यायला लावलं. “आणि रोज यावं,” त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर होडीवाले पांगले. तात्यांनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि गेले. धाकटा तिच्याबरोबर चालू लागला. जागा राहिली होती. तो कुठं जाणार नव्हता, भांडी पुन्हा एका फळीवर लागणार होती. ताईला हायसं वाटायला हवं होतं. पण चौकाच्या अलीकडे तिची पावलं मंद झाली.

“धाकट्या, मी ‘ती बाई मी’ म्हणाले ना, तेव्हा मागं वळून पाहिलं. सभापतीबाई दचकल्या. माळी दचकला. तुम्ही अकरा जणांपैकी एकही दचकला नाही. सगळे खाली बघत होतात.”

धाकटा चालतच राहिला.

“का नाही दचकलात?”

“चल ना, ताई.”

“तुला माहीत होतं.”

त्यानं खिशातले हात काढले, पुन्हा घातले. “त्या दिवशी मी खालीच होतो. होडी उलटी करून डांबर लावत होतो. तो पिवळ्या टोपीवाला खिडकीखाली उभा राहिला, तू वरून ओरडलीस. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. पाटी लागली तेव्हा कळलं.”

“आणि बाकीच्यांना?”

“मी सांगितलं. पहिल्याच दिवशी. म्हटलं, ताईला कळता कामा नये.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

अकरा घरं. प्रत्येकाच्या खिशात नोटीस. आणि फाटक लागल्यापासून रोज त्याच खिडकीखालून जाताना मान वर करून सगळे तिला पाणी विचारत राहिले होते, जसं काही झालंच नाही. फाइल उघडली असती तर तिचं नाव निघालं असतं, म्हणून तात्यांना कागद नको होता. तिनं त्यांना बिनकण्याचे म्हटलं, आणि त्यांनी मान खाली घालून कबूल केलं होतं.

“अरे, पण जागा गेली असती तुझी! कोठारात पेट्या उचलत बसला असतास!”

“बसलो असतो.”

“मला नुसतं सांगायचं होतंस. मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं त्यांना.”

“सांगितलं असतंस. आणि त्यांनी ऐकलं नसतं तर?” धाकटा थांबला. एवढं लांब बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं शब्द एकेक करून आले. “तुझ्यामुळं जागा गेली असती ना, ताई, ते चाललं असतं. पण ते तुला कळून गेली असती, तर नसतं चाललं.”

ताई रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या बंद फळ्यांना टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. धाकट्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिचं रडणं होईपर्यंत तो ती धरून शेजारी उभा राहिला.